उवा आणि लिखा: पहिला, पाचवा, नववा, तेरावा दिवस

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत तिसरी-चौथीच्या मुलींना शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणींच्या आया घरी विड्या वळतात. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा भरली की कुणीतरी आई मधल्या सुट्टीत वर्गाच्या दाराशी येते, मुली लांब गेल्याची खात्री करून घेते आणि विचारते, "बाई, पोरीच्या डोक्यात लई उवा झाल्यात. काय लावू?"

काय लावायचं ते पुढे सांगतेच. पण उवा परत परत का होतात हे आधी समजून घ्या. आपण एकदा औषध लावतो, उवा मरतात, पोरगी दोन दिवस शांत झोपते आणि आपण विसरून जातो. लिखा मात्र तशाच चिकटून राहिलेल्या असतात. लीख म्हणजे उवेचं अंडं. मादी रोज आठपर्यंत अंडी घालते. ती साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात आणि बाहेर आलेलं पिल्लू पुढच्या नऊ ते बारा दिवसांत स्वतः अंडी घालण्याइतकं मोठं होतं. त्याआधीच प्रत्येक पिल्लू डोक्यातून काढलं तर उवा संपतात. म्हणून डोकं विंचरायचे दिवस ठरलेले आहेत: पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा. सतराव्या दिवशी फक्त तपासायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच या तारखांना गोल करून ठेवा. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे पुष्कळ आयांना हा हिशोब लगेच लक्षात राहतो: पाणी आलं की फणी काढायची.

आधी ऊ खरंच आहे का ते बघा. पोरगी डोकं खाजवते म्हणजे उवा झाल्याच असं नाही; घामोळं असेल, कोंडाही असेल. उलट पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलीला चार ते सहा आठवडे खाजच येत नाही, असंही होतं. ही खाज उवेच्या लाळेची ॲलर्जी असते आणि ती यायला वेळ लागतो. म्हणून एक पोरगी खाजवायला लागली की त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची डोकी बघायची. आजीचं, तुमचं स्वतःचं आणि बारीक केस आहेत म्हणून सोडून दिलेल्या भावाचंही.

पोरीला उजेडात, उंबऱ्यापाशी बसवा. कानामागे आणि मानेवरच्या केसांत बघा, तिथे उवा जास्त सापडतात. मोठी ऊ तिळाएवढी असते. भांग पाडला की ती उजेडापासून भराभर पळते, म्हणून नुसतं बघून दिसतेच असं नाही. लीख मात्र जागची हलत नाही. केसाच्या मुळापासून पाऊण सेंटिमीटरच्या आत, केसाच्या एकाच बाजूला ती तिरकी चिकटलेली असते. बोटाने ढकलून बघा. कोंडा लगेच घसरतो, लीख दोन नखांत धरून ओढावी लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळापासून बोटभर लांब आलेली पांढरी लीख म्हणजे बहुतेक वेळा रिकामं टरफल असतं. ती बघून घाबरायचं नाही आणि तेवढ्यासाठी औषधही लावायचं नाही. जिवंत ऊ दिसली तरच उपाय करायचा.

आता फणी. साधा कंगवा चालणार नाही. दात एकमेकांना अगदी खेटून असलेली बारीक फणी घ्या. स्टीलची मिळाली तर उत्तम, तिचे दात वाकत नाहीत. आधी केस शाम्पूने धुवा, पाणी निथळू द्या आणि मग भरपूर कंडिशनर लावा. लांब केसांना एक पुडी पुरत नाही. कंडिशनर नसेल तर खोबरेल तेल चालेल, फक्त ते सढळ हाताने लावा. ओल्या, बुळबुळीत केसांत उवेला पळता येत नाही. आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढा, नाहीतर फणी अडकते, पोरगी रडते आणि पुढच्या वेळी बसायलाच तयार होत नाही.

केसांचे चार भाग करा. एका भागातली बोटभर रुंद बट घ्या, फणीचे दात टाळूला टेकवा आणि मुळापासून टोकापर्यंत एका दमात ओढा. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसा. जुन्या धोतराचा तुकडा यासाठी चांगला, त्यावर तपकिरी ठिपका लगेच दिसतो. तीच बट वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी विंचरा. कंबरेपर्यंत केस असतील तर अर्धा-पाऊण तास लागतोच. सगळं झालं की केस धुवा आणि पुन्हा एकदा फणी फिरवा. नंतर फडकं आणि फणी उकळत्या पाण्यात टाका.

ज्या आया दिवसभर विड्या वळतात त्यांना मुद्दाम सांगते: फणी हातात घेण्याआधी साबणाने हात कोपरापर्यंत धुवा. खाजवून सोललेल्या टाळूला आणि पोरीच्या डोळ्यांना तंबाखूची भुकटी झोंबते. पानाची कड बोटाने दुमडायची तुमची सफाई मी पाहिली आहे. त्याच बोटांनी लीख इतकी नीट निघते की मला तसं जमत नाही.

एवढा वेळ देणं शक्य नसेल, किंवा उवा खूपच असतील, तर औषध लावा. औषधाच्या दुकानात परमेथ्रिन १ टक्का असलेलं औषध मागा. बाटलीवरचा आकडा वाचून घ्या. ५ टक्क्यांचं मलम खरजेसाठी असतं. आधी केस साध्या शाम्पूने धुऊन टॉवेलने पुसा. त्या दिवशी कंडिशनर लावू नका, त्याने औषधाचा परिणाम कमी होतो. औषध मुळांपर्यंत चोळा, डोळ्यांवर कोरडा टॉवेल धरा, दहा मिनिटं ठेवा आणि डोकं पुढे वाकवून धुवा, म्हणजे ते अंगावर ओघळत नाही. पुढचे एक-दोन दिवस केस शाम्पूने धुऊ नका. हे औषध लिखांना खात्रीने मारत नाही, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. दुसऱ्या दिवशीही उवा आधीसारख्याच तुरुतुरु पळताना दिसल्या तर तेच औषध परत परत ओतू नका, डॉक्टरांना दाखवा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला फक्त फणी करा. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध लावू नये. उवांसाठी गोळ्याही मिळतात, पण त्या स्वतःच्या मनाने देऊ नका. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना त्या देत नाहीत.

यापुढचं मात्र कृपा करून नीट वाचा, कारण यात पोरींना खरोखर इजा होते. सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावू नका. आपल्या जिल्ह्यात सीताफळं मुबलक येतात आणि बिया वाळवून ठेवायची पद्धत जुनी आहे. त्या पुडीने उवा मरतात हे खरं. पण तिचा कण डोळ्यात गेला की बुबुळाला जखम होते, डोळा लालभडक होतो आणि पोरीला उजेड सहन होत नाही. डोकं धुताना ती डोळ्यात जाणार नाही याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. डांबरगोळ्या कुटून तेलात मिसळू नका, त्याने काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कापूर अंगात भिनला किंवा पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. तंबाखूचं पाणी तर अजिबात नको. निकोटिन कातडीतून आत जातं आणि चक्कर-उलट्या सुरू होतात. रॉकेल, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू यांतलं काहीही डोक्याला लावू नका. रॉकेल लावलेली पोरगी गॅसजवळ गेली तर काय होईल ते सांगायला नको.

घर धुवायचं का, असं पुष्कळ जणी विचारतात. नाही. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, तिला रक्त लागतं. आपली सोलापुरी चादर भिजली की किती जड होते हे तुम्हाला माहीत आहे. साठवलेलं पाणी तिच्यावर घालवू नका. घडी घालून दोन-तीन दिवस बाजूला ठेवा, हवं तर गच्चीवर उन्हात टाका. उशीचे अभ्रे, टॉवेल आणि कालपरवा घातलेली ओढणी तेवढी गरम पाण्यात धुवा. कुत्र्या-मांजरांवर डोक्यातल्या उवा राहत नाहीत.

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. ती एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर चालत जाते. एका मोबाईलवर चार पोरी डोकी जुळवून बसतात तेव्हा, सुट्टीत मामाकडे सगळी भावंडं गच्चीवर एकाच अंथरुणावर झोपतात तेव्हा, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येऊन घर भरतं तेव्हा. या दिवसांत पाहुण्यांना दूर ठेवा असं मी कधीच सांगणार नाही. ते गेल्यावर आठवडाभरात डोकी तपासा, एवढंच करा. मुलींच्या दोन वेण्या घट्ट घाला आणि प्रत्येकीचा कंगवा वेगळा ठेवा. नुसतं तेल लावल्याने उवा टळत नाहीत. दर रविवारी दहा मिनिटं फणी फिरवली तर सुरुवातीलाच कळतं.

उवा घाणीमुळे होत नाहीत. रोज न्हाणाऱ्या पोरीलाही होतात आणि डोक्यातल्या उवांमुळे दुसरा आजार पसरत नाही. त्यामुळे मुलीचं टक्कल करू नका, तिला शाळेतून घरी ठेवू नका. माझ्या वर्गात मी कुणाचं डोकं सगळ्यांसमोर बघत नाही. एकीला उवा दिसल्या की सगळ्याच मुलींच्या दप्तरात तीच चिठ्ठी देते, म्हणजे सगळी घरं एकाच आठवड्यात फणी करतात. तुमच्या शाळेतल्या बाईंनाही असंच करायला सांगा. आणि शेजारणीला स्वतःहून सांगा; तिच्या पोरीचं डोकं तसंच राहिलं तर तुमचा तेरावा दिवस वाया जातो.

खाजवून खपल्या धरल्या, पू झाला, मानेत गाठी आल्या किंवा ताप आला, तर फणी थांबवा आणि जवळच्या दवाखान्यात किंवा सिव्हिलला त्वचारोग विभागात दाखवा. आधी जखमेवर उपचार होतात, मग उवांवर.