एनपीटेलचा कोर्स रखडतोय? या चुका टाळा

एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सी मिळून चालवतात त्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या, बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम आठच असाइनमेंटचे गुण धरतात, हे कळलं की बरेच जण पहिल्या दोन-तीन सोडूनच देतात. घोळ इथेच सुरू होतो. ही सवलत आजारपणासाठी, कॉलेजच्या सबमिशनच्या धावपळीसाठी राखून ठेवायची असते. शिवाय पहिल्या आठवड्यातल्या व्याख्या कच्च्या राहिल्या की पाचव्या आठवड्याचा व्हिडिओ डोक्यावरून जातो, आणि मग पोर्टल उघडणंच नकोसं होतं.

या नकोसेपणाला आळस म्हणू नका. जमणार नाही अशी धास्ती वाटते, काम बाजूला सारलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून आपण ते पुढे ढकलतो. त्यावर 'रविवारी एकदम सगळं उरकतो' हा बेत क्वचितच तडीस जातो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात ५५ हून जास्त दिवस लागले.

त्यापेक्षा सुरुवात ठरवून टाका: मंगळवारी मेसवरून आल्यावर लॅपटॉप उघडायचा आणि व्हिडिओच्या आधी असाइनमेंटचे प्रश्न वाचायचे. काय शोधायचं ते माहीत असलं की लेक्चर ऐकताना लक्ष टिकतं. येतील तेवढी उत्तरं लगेच सबमिट करा. मुदतीपर्यंत ती हवी तितक्या वेळा बदलता येतात, शेवटचं सबमिशन ग्राह्य धरतात. ही सोय फार मोलाची आहे, तरी मुलं मुदतीच्या रात्री अकराला बसतात.

टेलिग्रामवरची उत्तरं उतरवून काढणं तर सर्वांत महागात पडतं. असाइनमेंटचे २५ गुण मिळतीलही, पण उरलेले ७५ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे असतात आणि प्रमाणपत्रासाठी त्यांतले किमान ३० लागतात. या परीक्षेचा फॉर्म आणि फी वेगळी असते. कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेची नोंदणी झाली असं नाही, तेव्हा त्याची शेवटची तारीख आजच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.

दोन आठवडे बुडाले असतील तर स्वतःला कोसत बसू नका. कॅनडातल्याच कार्लटन विद्यापीठातल्या २०१० च्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधीच्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. आधी चालू आठवड्याची असाइनमेंट करा, मागचे व्हिडिओ नंतर रोज एकेक करून भरून काढा.