विनाशिकेची कारकीर्द कशी मांडावी: कॅनडाच्या ‘हैडा’चा नमुना

वास्कोतल्या शाळेचं प्रदर्शन असो की दिवाळी अंकातला लेख, परदेशी युद्धनौकेवर लिहिताना पहिला गोंधळ तारखांचा होतो. प्रत्येक नौकेला निदान चार तारखा असतात: बांधणीचा आरंभ, जलावतरण, ताफ्यात दाखल, निवृत्ती. आपली ‘आयएनएस मोरमुगाव’ पाण्यात उतरली १७ सप्टेंबर २०१६ रोजी, नौदलात आली १८ डिसेंबर २०२२ रोजी. म्हणून आधी चार रकाने आखा, मगच वाचायला बसा. ‘एचएमसीएस हैडा’ या कॅनडाच्या नौदलातल्या विनाशिकेचे (डिस्ट्रॉयर) रकाने असे भरतील: २९ सप्टेंबर १९४१, २५ ऑगस्ट १९४२, ३० ऑगस्ट १९४३ आणि ११ ऑक्टोबर १९६३. बांधणी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला, वर्ग (एकाच आराखड्याच्या नौकांचा गट) ट्रायबल.

नावावर विसंबू नका, नोंद प्रत्यक्ष नौकेच्या सांगाड्याची ठेवा. ‘अथाबास्कन’ नावाच्या कॅनडाच्या तीन विनाशिका झाल्या. पहिली १९४४ मध्ये बुडाली, तरी कोरियाच्या युद्धात ‘अथाबास्कन’ भेटते, ती दुसरी. उलटा प्रकार आपल्या ‘आयएनएस दिल्ली’चा: नौका एक, नावं दोन. १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईतली ‘अकिलीस’ तीच, आणि १९६१ मध्ये दीवला तोफा डागणारीही तीच. नौकेवरचा क्रमांक शेजारी लिहा, पण तोही बदलतो: हैडा दुसऱ्या महायुद्धात जी ६३, नंतर २१५.

मग खंड शोधा. वीस वर्षांची सलग सेवा दिसली की शंका घ्यावी. हैडा १९४६ मध्ये बाजूला ठेवली गेली, १९४७ मध्ये परत आली आणि १९५० पासूनच्या मोठ्या फेरबदलानंतर मार्च १९५२ मध्ये पुन्हा दाखल झाली. ४.७ इंची तोफा गेल्या, पाणबुडीविरोधी स्क्विड उखळ्या आल्या. त्यामुळे कोरियातल्या मजकुराला युद्धकाळातली शस्त्रांची यादी जोडली, तर ती सरळ चूक. फोटोत मागच्या बाजूला जोडनळीची ३ इंची तोफ दिसली, की तो १९५२ नंतरचा समजावा.

सगळ्यात जपून लिहायचं ते श्रेयाबद्दल. ‘हैडाने बुडवली’ असं सर्रास छापलं जातं. २६ एप्रिल १९४४ रोजी जर्मन टॉर्पेडो नौका टी २९ बुडाली खरी, पण हल्ल्यात ‘अथाबास्कन’, ‘ह्युरॉन’, ‘अशांती’ आणि क्रूझर ‘ब्लॅक प्रिन्स’ही होत्या. ९ जूनला जर्मन विनाशिका झेड ३२ किनाऱ्यावर चढवली, ती ‘ह्युरॉन’च्या साथीने. २४ जूनची पाणबुडी यू-९७१ ‘एस्किमो’सोबत. डिसेंबर १९४३ च्या जेडब्ल्यू ५५बी या मालवाहू जहाजांच्या काफिल्याबरोबर हैडा होती. पण तेवढ्यावरून ‘शार्नहॉर्स्ट’ ही जर्मन युद्धनौका बुडवण्याचं श्रेय तिला देऊ नये, ते काम दुसऱ्या तुकड्यांचं. यासाठी तक्त्यात ‘सोबत कोण’ हा वेगळा रकाना हवाच.

रात्रीच्या चकमकींना दोन तारखा लागतात. २८ एप्रिलला निघालेल्या तुकडीची लढाई २९ च्या पहाटे झाली. तीत जर्मन टी २४ च्या टॉर्पेडोने ‘अथाबास्कन’ गेली, कप्तान जॉन स्टब्ससह १२८ जण दगावले. वाचलेल्यांचा आकडा मात्र पुस्तकागणिक हलतो, कारण हैडाने थेट उचललेले आणि तिच्या मोटरबोटीतून इंग्लंडला पोहोचलेले कोणी एकत्र धरतो, कोणी वेगळे. आकडा द्यायचा तर त्यात कोण धरलेत तेही लिहा.

मूळ कागद ऑटावाच्या लायब्ररी अँड आर्काइव्ज कॅनडामध्ये आरजी २४ या गटात आणि लंडनजवळच्या क्यू इथल्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्जमध्ये एडीएम १९९ या गटात आहेत. दोन्हींच्या सूची पणजीत बसून ऑनलाइन चाळता येतात. शोधताना नौकेचं नाव, वर्ष आणि तुकडीचं नाव (हैडासाठी १९४४ ची दहावी विनाशिका तुकडी) एकत्र टाका. नुसतं ‘हैडा’ टाकलं तर त्याच नावाच्या आदिवासी समाजाचेच कागद ढिगाने येतात.

१९६३ नंतरचं सेवेत मिसळू नका. १९६४ चं टोरांटो, २००३ चं हॅमिल्टन आणि २०१८ मध्ये मिळालेला नौदलाच्या ध्वजनौकेचा मान, हे सगळं ‘संग्रहालय’ या शीर्षकाखाली वेगळं लिहा.