पुण्यात बसून गुलमर्गचा बर्फ सांगायचा असेल तर

हिवाळा आला की ज्युनिअर्स विचारतात, स्कीइंगवाल्यांसाठी फोरकास्ट द्यायचं काम कसं असतं आणि ते पुण्यात बसून जमतं का. जमतं की! सिमला ऑफिसच्या शहरात हा प्रश्न पडूच नये खरं तर, हवामान खात्याचं मुख्यालय 1928 ला सिमल्याहून इथेच आलं होतं. विद्यापीठात अॅटमॉस्फेरिक सायन्स करत असाल किंवा पाषाणला आयआयटीएममध्ये (हवामान संशोधन संस्थेत) प्रोजेक्टवर असाल तर थिअरी येतेच तुम्हाला, अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

आपली सगळी सवय मान्सूनची, त्यामुळे पहिला प्रश्न डोक्यात येतो तो किती मिलिमीटर. स्कीवाला आधी विचारतो की किती उंचीवर काय पडणार. गुलमर्ग साधारण 2650 मीटरवर, गोंडोला (रोपवे) वरच्या अफरवट डोंगरावर 3900 च्या पुढे नेतो आणि खाली श्रीनगर 1600 च्या आसपास, म्हणजे वेस्टर्न डिस्टर्बन्स (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची सिस्टीम) एकच पण श्रीनगरला पाऊस, गुलमर्गच्या बाजारात दोन्हीची खिचडी आणि वर मस्त बर्फ असं एकाच वेळी चालू असू शकतं. शून्य अंशाची पातळी 3000 मीटरला असेल तर बर्फ पूर्ण वितळेपर्यंत अजून 200-300 मीटर खाली येतो, आणि मग बर्फाची रेषा, म्हणजे जिच्या वर बर्फ आणि खाली पाऊस ती उंची, बरोब्बर गुलमर्गच्या डोक्यावर येऊन बसते. तिथे अर्ध्या अंशाने सगळं पालटतं.

म्हणून नुसतं तापमान बघू नका, वेट बल्ब बघा, म्हणजे बाष्पीभवनाने हवा जितकी गार होऊ शकते ते तापमान. हवा कोरडी असेल तर 2 अंशालाही बर्फ पडतो, कारण बाष्पीभवनाने हवा गार होत जाते, पण एकदा हवेत आर्द्रता भरली की ही सवलत संपली. नंतर जोरात पडायला लागलं तर वितळणारा बर्फच आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि रेषा अजून खाली सरकते.

आणि कॉम्प्युटरवरच्या हवामान मॉडेलचा आकडा उचलून तसाच पाठवायचा नाही, प्लीज. मॉडेलमधला डोंगर गुळगुळीत असतो. त्याच्या हिशोबाने तुमचा पॉइंट 2200 मीटरवर असेल आणि खरा 2650 वर, तर हजार मीटरला साडेसहा अंश धरले तरी जवळजवळ 3 अंशांचा फरक झाला! मॉडेलमधल्या त्या ग्रिड पॉइंटची उंची आधी तपासा, बाकी चर्चा नंतर.

किती सेंटिमीटर हा प्रश्न येतोच शेवटी. 10 मिलिमीटर पाण्याचा 10 सेंटिमीटर बर्फ हा ढोबळ हिशोब, थंडीत पावडर पडली तर तेवढ्याच पाण्यात 15 किंवा जास्त, ओला असेल तर बराच कमी. पण मला विचाराल तर त्यापेक्षा क्रम महत्त्वाचा. ट्रफच्या (कमी दाबाच्या पट्ट्याच्या) पुढे उबदार दमट हवा असते तेव्हा जड ओला बर्फ पडतो, ट्रफ गेला की थंड हवा घुसते आणि वर हलका बर्फ बसतो, हा क्रम स्कीला एकदम झकास. उलटं झालं, म्हणजे हलक्यावर जड, तर स्की रुततात आणि अॅव्हलांचची (हिमस्खलनाची) भीतीही वाढते. तो धोका मात्र आपण आपल्या मनाने सांगायचा नाही, डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचं बुलेटिन असतं, तेच पुढे पाठवायचं. वारा विसरू नका, वाऱ्याने गोंडोला बंद पडला तर वरचा बर्फ कितीही भारी असो, तिथे जाणार कोण?

लिहिताना असं लिहा: "दुपारपर्यंत 2800 च्या खाली ओलं, संध्याकाळनंतर रेषा 2300 पर्यंत, वर 20 ते 35 सेंटिमीटर, उद्या सकाळ सगळ्यात चांगली." रेंज दिली की क्लायंट कुरकुर करतात, करू देत, एकच आकडा द्यायच्या भानगडीत पडू नका.

नोकरी शोधायच्या आधी एक सीझन घरूनच करा. पहाटे साडेपाचचं श्रीनगरचं साउंडिंग (फुग्याने घेतलेली वरच्या हवेची मोजणी) नेटवर फुकट मिळतं, त्यावरून बर्फाची रेषा काढायची, तारीख घालून वहीत लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी गुलमर्गला खरंच काय पडलं ते शेजारच्या कॉलममध्ये. इंटरव्ह्यूला जाताना मार्कशीटबरोबर ही वही पण घ्या.