फ्लटर: बटण दोनदा दाबलं जातं, बंद केलं तरी रंग बदलत नाही (माझा अनुभव)

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं ॲप, फ्लटरमध्ये (ॲप बनवायच्या साधनात) केलेलं. तिथं नेट रडतखडत चालतं, त्यामुळे वजन भरणारा माणूस ‘नोंद करा’ दोनदा दाबतो आणि एकाच क्रेटच्या दोन नोंदी पडतात.

आधी ऑनप्रेस्डच्या (बटण दाबल्यावर चालणाऱ्या) फंक्शनमध्ये इफची अट टाकून पाहिलं. नोंद थांबली, पण बटण चालू दिसत राहिलं. लोक दाबतच राहिले. बटणाभोवती ॲब्सॉर्बपॉइंटर हे विजेट गुंडाळलं तर स्पर्श अडतो, रूप तेच राहतं. डोकं पार पिकलं.

चाललं ते असं. स्टेटमध्ये (स्क्रीनची चालू माहिती जिथं राहते तिथं) ‘पाठवतोय’ हा बूल, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स असणारा व्हेरिएबल, ठेवा, सुरुवातीला फॉल्स (कोडमध्ये नाव अर्थात रोमन अक्षरांत). बटणाला ऑनप्रेस्ड: पाठवतोय ? नल : नोंदकरा असं द्या, म्हणजे पाठवणं चालू असेल तर नल (काहीच नाही), नाहीतर नोंदकरा हे फंक्शन. फ्लटरमध्ये बटण बंद करायला वेगळा गुणधर्म नाही, नल हाच बंदचा इशारा. मात्र ऑनलाँगप्रेस (बटण दाबून धरल्यावर चालणारं फंक्शन) दिलेलं असेल तर तेही नल हवं, नाहीतर बटण चालूच धरलं जातं.

नोंदकराच्या पहिल्या ओळीत: पाठवतोय ट्रू असेल तर रिटर्न. ही ओळ काढू नका. सेटस्टेटनंतर (स्टेट बदलून स्क्रीन पुन्हा रंगवायला सांगितल्यावर) नवी फ्रेम येईपर्यंत जुनं बटण जिवंत असतं. मग सेटस्टेटनं ट्रू करा, त्यानंतरच अवेट, म्हणजे नोंद पाठवून उत्तराची वाट पाहणं. फायनलीमध्ये (चूक होवो न होवो, शेवटी चालणाऱ्या भागात) माउंटेड, म्हणजे स्क्रीन अजून आहे का, तपासून पुन्हा फॉल्स; कॅचमध्ये नको, तो फक्त चूक झाली तरच चालतो.

उरला रंग. बटणाच्या स्टाइलमध्ये रंगासाठी विजेटस्टेटप्रॉपर्टीऑल वापरलं होतं, ते चालू, बंद अशा सगळ्या अवस्थांना एकच रंग देतं. त्याजागी स्टाइलफ्रॉम घेऊन डिसेबल्डबॅकग्राउंडकलर (बंद बटणाचा रंग) दिला आणि बटण राखाडी झालं.