औषधाची माहितीपत्रिका अरबीत करताना

बडोद्यातून आखाती देशांत जाणाऱ्या औषधाची पत्रिका अरबीत करायची, तर आधी इंग्रजी शब्दांची यादी काढा. मराठीत आपण ‘अ‍ॅक्यूट’ (अचानक उद्भवलेला) आणि ‘सिव्हिअर’ (जोर जास्त असलेला) दोन्हींना ‘तीव्र’ म्हणून मोकळे होतो. घोळ तिथेच होतो. अ‍ॅक्यूट म्हणजे ‘हाद्द’, सिव्हिअर म्हणजे ‘शदीद’, जुनाट तो ‘मुझ्मिन’. रोगाच्या नावाच्या शेवटी ‘आयटिस’ दिसलं की ‘इल्तिहाब’ लिहून पुढे अवयव: हेपटायटिस झाला ‘इल्तिहाब अल-कबिद’ (कबिद म्हणजे यकृत). मुळाशी ‘लहब’, म्हणजे ज्वाळा; आपला ‘दाह’च की!

आकडे मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. उजवीकडून वाचल्या जाणाऱ्या मजकुरात ‘५-१०’ उलटून ‘१०-५’ दिसू शकतं. मध्ये रेघ नकोच, ‘मिन ५ इला १०’ (५ पासून १० पर्यंत) लिहा. मायक्रोग्रॅम नेहमी पूर्ण अक्षरांत.