बहिणीचं मेडिकल सर्टिफिकेट परत आलं तेव्हा

धाकट्या बहिणीला दोन वर्षं शिकायला स्पेनला जायचं होतं. १८० दिवसांपेक्षा जास्त मुक्कामाच्या विद्यार्थी व्हिसाला तिथे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. सांगलीत विश्रामबागला आमचे नेहमीचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून ‘प्रकृती उत्तम, प्रवासास हरकत नाही’ असं लिहून आणलं. कागद परत आला. आईचा चेहराच उतरला.

चूक मजकुरात होती. तब्येत चांगली आहे एवढं पुरत नाही. ‘२००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार सार्वजनिक आरोग्यावर गंभीर परिणाम करू शकेल असा कोणताही आजार नाही’ या अर्थाचं स्पष्ट वाक्य हवं. मी ते इंग्रजीत टाइप केलं, पासपोर्टची झेरॉक्स घेतली आणि तिला घेऊन पुन्हा दवाखाना गाठला. बाहेर पेशंट बसलेले असतानाही डॉक्टरकाकांनी शब्दन् शब्द वाचला, तिला नीट तपासलं आणि मगच लेटरहेडवर प्रिंट काढायला सांगितली. त्यांचे उपकार विसरणार नाही.

दुसरा घोळ नावाचा. पहिल्या कागदावर नुसतं नाव-आडनाव होतं, पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव. शिक्काही पुसट, नोंदणी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे दिसतच नव्हते. काकांनी पॅडवर शाई टाकली, रद्दी कागदावर शिक्का दोनदा उठवून पाहिला, मग सर्टिफिकेटवर मारला.

तारीखही बघा. फार आधी काढून ठेवू नका, व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली की मगच काढा. आमचा दुसरा कागद लगेच स्वीकारला गेला.