नियमांचा खर्च आणि सभागृहाची देखरेख : धोरण-अभ्यासात येणाऱ्यांसाठी

पुण्यात कायद्याचे शिक्षण घेऊन धोरण-अभ्यासाकडे वळणाऱ्यांना मी आधी राजपत्र वाचायला सांगतो, कारण लोकांच्या खिशाला झळ बसते ती बहुतेक वेळा कायद्याखालील नियमांमुळे आणि अधिसूचनांमुळे. अविघटनशील कचऱ्यावरील नियंत्रणाचा राज्याचा कायदा २००६ चा. पण रविवार पेठेतल्या पिशवीविक्रेत्याचा धंदा बदलला तो त्याखाली निघालेल्या २३ मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेने. बंदीचा हेतू मला मान्य आहे, तरीही तिचा भार कोणावर किती पडणार हे लोकप्रतिनिधींनी तपासायलाच हवे.

विधेयक हाती आले की शेवटची पाने आधी उघडावीत. तेथील वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीच्या ज्ञापनात शासन कोणकोणत्या बाबतीत पुढे नियम करणार ते कळते. वित्तीय ज्ञापनात मात्र केवळ सरकारी तिजोरीतून होणारा खर्च असतो, दुकानदाराचा किंवा भोसरीतल्या लहान कारखानदाराचा नाही. माझ्या मते आपल्या देखरेखीतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

त्यानंतर नियम करण्याच्या अधिकाराचे कलम पाहावे. नियम सभागृहापुढे एकूण तीस दिवस ठेवावेत, सभागृहांनी ठरवल्यास ते बदलावेत किंवा रद्द व्हावेत, परंतु तोवर त्याखाली झालेली कृती वैध राहावी, अशी तरतूद त्यात सहसा असते. म्हणजे कोणी प्रस्तावच मांडला नाही, तर नियम तसाच चालू राहतो. ही अट अधिसूचनेलाही लागू आहे का, हे प्रत्येक कायद्यात वेगळे तपासावे लागते. कायद्याखाली निघणारे असे नियम तपासण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून पंधरा सदस्यांची समिती आहे आणि मंत्री तिचे सदस्य होऊ शकत नाहीत. तिचे अहवाल नवख्यांनी जरूर वाचावेत.

तुलनेसाठी अमेरिका पाहावी. तेथे १९९६ च्या कायद्याने काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला, नियम नामंजूर करता येतो. वर्षाला दहा कोटी डॉलर किंवा अधिक परिणाम करणारा नियम काँग्रेसच्या मंजुरीशिवाय लागूच होऊ नये, असे विधेयक प्रतिनिधिगृहाने अनेकदा संमत केले, पण त्याचा कायदा झालेला नाही. अशी सक्ती मला जड वाटते, कारण आरोग्याचे तातडीचे नियमही तीत अडकतील. खर्चाचा अंदाज नियमासोबत मांडण्याचे बंधन मात्र आपल्याकडे हवे.

सरावासाठी एकच नियम घ्या, त्यातील प्रत्येक बंधनापुढे मूळ कायद्यातील कलम आणि पैसे मोजणारा कोण हे लिहा, मग त्या माणसाला भेटून त्याची बिले पाहा आणि आमदाराला अधिवेशनापूर्वी वाचता येईल असे एक पानी टिपण तयार करा.